खानेसुमारी आणि अंगावर काढलेली दुखणी

मराठीत लोक मोजण्यासाठी दोन जुने शब्द आहेत : शिरगणती आणि खानेसुमारी. शिरगणती माणसांची डोकी मोजते, खानेसुमारी घरे. ‘खाना’ म्हणजे घर आणि ‘शुमार’ म्हणजे गणना. फारसीतून आलेला हा शब्द मराठी दप्तरांत इतका मुरला, की पुढे इंग्रजी अमदानीतल्या जनगणनेलाही लोक खानेसुमारीच म्हणत राहिले. व्यवहारात दोन्हींचा अर्थ एक झाला असला, तरी त्यांच्यातला मूळचा भेद अजून उपयोगाचा आहे. डोके बाजारात, धक्क्यावर, रुग्णालयाच्या रांगेतही मोजता येते. घर मोजायचे तर मोजणाऱ्याला घरापर्यंत जावे लागते आणि उंबरठ्यावर उभे राहून आतल्या माणसाला काही विचारावे लागते.

आपल्या सार्वजनिक आरोग्याचा इतिहास वाचताना हा भेद ध्यानात ठेवला, तर बऱ्याच गोष्टी उलगडतात. दवाखान्याच्या नोंदवहीत जो आला त्याचेच नाव असते. जो वाटेतच गेला, ज्याला होडी मिळाली नाही, जिने दुखणे अंगावरच काढले, त्यांची नावे त्या वहीत सापडत नाहीत. ती हवी असतील तर घरोघर जाऊन विचारावे लागते. अशा विचारपुशीतून देशाचे आरोग्यधोरण कधी घडले, कधी अडले, आणि विचारणारा कोण होता यावर त्यातले किती काय अवलंबून राहिले, हे रायगडच्या किनाऱ्यावर उभे राहून पाहण्याचा हा प्रयत्न आहे. साहित्याच्या अभ्यासकाला हा विषय परका वाटण्याचे कारण नाही. प्रश्न कोण विचारतो, कोणत्या शब्दांत विचारतो आणि उत्तर कोण लिहून घेतो, ही अखेर कथनाचीच बाब आहे.

*

रायगड हे या जिल्ह्याचे नाव १ जानेवारी १९८१ पासूनचे. त्याआधीचा हा कुलाबा. मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा अकरावा खंड कुलाबा आणि जंजिऱ्याचा. तो १८८३ साली निघाला. या मालिकेतल्या इतर खंडांप्रमाणे त्यातही जमीन, शेती, व्यापार, न्याय यांच्यामागून आरोग्याची पाळी येते. तिथे बोलणारा आवाज राज्यकर्त्याचा आहे. रोग कोणते, दवाखाने किती, देवी किती जणांना टोचल्या, जन्म-मृत्यू किती नोंदले गेले, हे तो सांगतो. आजारी माणूस त्यात आहे, पण तो संख्येचा घटक म्हणून. त्याला काय दुखते हे त्याला कोणी विचारलेले नाही.

अखिल भारतीय पातळीवर या स्थितीचा पहिला मोठा ताळेबंद मांडला तो भोर समितीने. तिचे अध्यक्ष सर जोसेफ भोर यांचा जन्म नाशिकचा आणि शिक्षण पुण्याच्या डेक्कन कॉलेजातले. १९४३ साली नेमलेल्या या समितीचा अहवाल १९४६ साली आला. आपण तिला सोयीसाठी भोर समिती म्हणतो. तिचे अधिकृत नाव मात्र ‘आरोग्य पाहणी व विकास समिती’ असे होते. पाहणी आधी आणि विकास नंतर, हा त्या नावातला क्रम अहवालातही पाळलेला आहे. पहिला खंड केवळ स्थितीचे वर्णन करतो आणि शिफारशी त्यानंतर येतात. ब्रिटिश हिंदुस्थानात १९३७ साली जन्मणाऱ्या दर हजार अर्भकांपैकी १६२ वर्षाच्या आत दगावत होती, तर इंग्लंड-वेल्समध्ये हे प्रमाण ५८ होते. सरासरी आयुर्मान अवघे सत्तावीस वर्षांच्या आसपास होते. पैसे देण्याची ऐपत नाही म्हणून कोणी उपचारांवाचून राहू नये, हे तत्त्व या आकड्यांच्या पायावर उभे राहिले आणि प्राथमिक आरोग्य केंद्राची कल्पनाही त्याच अहवालातून पुढे आली. समितीपाशी जे आकडे होते ते मुख्यतः सरकारी नोंदींचे होते, आणि त्या नोंदी अपुऱ्या असल्याचे समितीलाही ठाऊक होते.

स्वातंत्र्यानंतर घरोघर जाण्याचे काम शास्त्रशुद्ध रीतीने सुरू झाले. १९५० साली राष्ट्रीय नमुना पाहणी उभी राहिली. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेने तर आपल्या प्रदेशातच ही शिस्त रुजवली. वि. म. दांडेकर आणि कुमुदिनी दांडेकर यांनी पुणे जिल्ह्यातल्या जनन-मृत्यूची पाहणी १९५३ साली प्रसिद्ध केली. त्यापाठोपाठ १९५५ साली नी. वि. सोवनी आणि कुमुदिनी दांडेकर यांची नाशिक, कुलाबा व उत्तर सातारा या जिल्ह्यांची पाहणी आली. म्हणजे स्वतंत्र भारताच्या अगदी आरंभीच्या लोकसंख्याविषयक पाहण्यांत आपल्या या किनाऱ्याचा समावेश आहे.

मात्र या पाहणीचा विषय होता जननक्षमता. तो काळ तसाच होता. १९५२ साली सरकारने कुटुंबनियोजनाचा कार्यक्रम हाती घेतला होता, आणि शासनाला बाईकडून हवे होते ते मुलांच्या संख्येचे उत्तर. तिला स्वतःला काय होते, बाळंतपणांनी तिच्या शरीराचे काय केले, हा प्रश्न अजून पाहणीच्या तक्त्यावर आलेला नव्हता. तो प्रश्न मराठीत विचारला गेला नव्हता असे मात्र नाही. र. धों. कर्वे यांच्या ‘समाजस्वास्थ्य’ मासिकाने १९२७ पासून १९५३ पर्यंत वाचकांच्या खासगी शारीरिक शंकांना छापील उत्तरे दिली. त्या शंका कोणी शास्त्रशुद्ध नमुना काढून गोळा केल्या नव्हत्या हे खरे, पण सरकारी तक्त्यांत ज्या दुखण्यांना रकाना नव्हता त्यांना तिथे निदान भाषा मिळाली.

*

मांडवा हे गाव अलिबाग तालुक्यात, मुंबईच्या समोर. मधल्या पाण्यावरून रात्री शहराचे दिवे दिसतात. गेटवेहून लाँच, नाहीतर भाऊच्या धक्क्यावरून रेवसला उतरायचे; पावसाळ्यात मांडव्याच्या लाँच बंद, मग पनवेल-पेणचा वळसा. रो-रो बोट सुरू झाली ती २०२० साली. दिसण्याइतके जवळ आणि पोचण्यास इतके लांब, हे या किनाऱ्याचे मुंबईतल्या मोठ्या रुग्णालयांशी असलेले पिढ्यान्‌पिढ्यांचे नाते आहे.

या गावाच्या परिसरात सत्तरच्या दशकात डॉ. नोशिर अंतिया यांनी काम सुरू केले. १९२२ साली जन्मलेले अंतिया प्लास्टिक सर्जन होते. इंग्लंडमध्ये सर हॅरॉल्ड गिलीज यांच्या हाताखाली ते शिकले होते, कुष्ठरुग्णांच्या वाकड्या झालेल्या हातापायांवरील शस्त्रक्रियांसाठी ख्यातनाम होते आणि जे. जे. रुग्णालयात शिकवत होते. कुष्ठरोगाच्या शल्यविशारदाला एक गोष्ट इतरांपेक्षा लवकर कळते. त्याच्या टेबलावर येणारा हात वाकडा होण्याआधी कित्येक वर्षे घरात बधिर होऊन पडलेला असतो. रोग वेळेवर घरातच कोणी ओळखला असता, तर सर्जनची गरज पडली नसती. १९७५ साली त्यांनी ‘फाउंडेशन फॉर रिसर्च इन कम्युनिटी हेल्थ’ ही संस्था स्थापन केली.

मांडवा प्रकल्पाचा प्रश्न साधा होता. थोडेफार शिकलेल्या, किंवा न शिकलेल्याही, गावच्या बायकांना तयार केले तर गावाच्या आरोग्याच्या किती गरजा त्या स्वतः भागवू शकतील? सुमारे तीस हजारांच्या वस्तीत, तीसेक गावांत, अशा आरोग्यसेविका निवडल्या गेल्या. साधे आजार, बाळंतपणे, मुलांच्या लसी यांच्याबरोबर जन्ममृत्यूची नोंद ठेवणे आणि क्षय व कुष्ठाचे संशयित रुग्ण हुडकणे हेही त्यांचे काम होते. येथे पाहणी आणि उपचार ही दोन वेगळी खाती राहिली नाहीत. जिने विचारायचे तिनेच दुसऱ्या दिवशी गोळी घेऊन जायचे आणि महिन्याने पुन्हा विचारायचे.

याचा अर्थ नीट ध्यानात घ्यायला हवा. बाहेरून आलेला पाहणीकार एकदा येतो, तक्ता भरतो आणि जातो. त्याला उत्तर देणाऱ्याचा त्याच्याशी पुढे काही संबंध उरत नाही. कुष्ठाच्या चट्ट्याविषयी त्याला कोण कशाला सांगेल? ज्या घरात लग्नाची मुलगी आहे तिथे तर नाहीच. शेजारणीला मात्र चट्टा आधीच माहीत असतो. तिच्या हाती औषध आले की लपवण्याचे कारणही कमी होते. प्रकल्पाच्या दशकभराच्या अनुभवातून अंतियांनी काढलेला निष्कर्ष असा, की आरोग्याच्या बहुतेक प्राथमिक गरजा या स्त्रिया समर्थपणे भागवू शकतात. अडचण त्यांच्या बुद्धीची नाही, त्यांच्याभोवतीच्या सत्तेची आहे. तेच झाले. स्थानिक राजकारण, वैद्यक व्यवसायातले हितसंबंध आणि सरकारी यंत्रणा यांच्या विरोधापुढे ऐंशीच्या दशकात हा प्रकल्प बंद पडला. अंतियांनी तो १९८८ साली एका आंतरराष्ट्रीय नियतकालिकात लिहिला, आणि त्यात अपयश झाकले नाही.

*

प्रकल्प बंद पडला तरी त्याचे सार तोवर दिल्लीस पोचले होते. १९७८ च्या अल्मा-आता परिषदेनंतर भारतीय सामाजिक विज्ञान संशोधन परिषद आणि भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद यांनी संयुक्त अभ्यासगट नेमला. डॉ. रामलिंगस्वामी, कोल्हापूर जिल्ह्यातून आलेले शिक्षणतज्ज्ञ जे. पी. नाईक आणि अंतिया हे तिघेही त्यात होते. ‘सर्वांसाठी आरोग्य : एक पर्यायी व्यूह’ अशा आशयाचे नाव असलेला त्यांचा अहवाल १९८१ साली पुण्याच्या भारतीय शिक्षण संस्थेने छापला, त्याच वर्षी नाईक निवर्तले. रुग्णालयकेंद्री, शहरी, वरून खाली येणारी व्यवस्था मोडून लोकांच्या हाती आरोग्य सोपवावे, हा त्याचा गाभा. १९८३ च्या पहिल्या राष्ट्रीय आरोग्यधोरणाच्या भाषेवर या अहवालाची छाया स्पष्ट दिसते.

दरम्यान २ ऑक्टोबर १९७७ रोजी केंद्र सरकारने गावोगाव आरोग्य कार्यकर्ते नेमण्याची योजना सुरू केलीच होती. तिचे काय झाले हे तिच्या नावांवरून वाचता येते. आधी ‘कार्यकर्ता’, मग ‘स्वयंसेवक’, मग ‘मार्गदर्शक’. नावे बदलत गेली. महिना पन्नास रुपयांचे मानधन मात्र त्याला वेतन म्हणता येईल इतके कधी झाले नाही. आणखी एक गोष्ट अशी, की या योजनेत निवडले गेलेले बहुतेक जण पुरुष होते. मांडव्याने ज्या गोष्टीवर सारा भर दिला होता, नेमकी तीच राष्ट्रीय योजनेत गळून पडली.

इथे भाषेचा मुद्दा येतो. मराठीत ‘अंगावर काढणे’ असा वाक्प्रचार आहे. उपचार न घेता, कोणाला न सांगता, काम न थांबवता दुखणे सोसणे. पाहणीकार विचारतो, “गेल्या पंधरा दिवसांत घरात कोणी आजारी होते का?” ज्या घरात अंथरूण धरल्याखेरीज माणूस आजारी ठरत नाही, तिथून उत्तर ‘नाही’ असेच येते. केरळात बिहारपेक्षा अधिक माणसे स्वतःला आजारी म्हणवून घेतात, याकडे अमर्त्य सेन यांनी लक्ष वेधले आहे. केरळची प्रकृती बिहारहून वाईट आहे असा याचा अर्थ नव्हे. दुखण्याला दुखणे म्हणण्याची सवय आणि सोय तिथे जास्त आहे.

या न बोललेल्या दुखण्यांना महाराष्ट्रातच वाचा फुटली. डॉ. राणी आणि अभय बंग यांनी गडचिरोलीच्या दोन गावांतल्या ६५० स्त्रियांची तपासणी केली. ‘लॅन्सेट’मध्ये १९८९ साली आलेल्या या अभ्यासाप्रमाणे त्यांपैकी ९२ टक्के स्त्रियांना एक वा अधिक स्त्रीरोग होते, आयुष्यात कधी अशी तपासणी झालेल्या होत्या केवळ ८ टक्के. ‘अंगावरून पांढरे जाते’ हे वाक्य घराघरांत बायका एकमेकींत कुजबुजत होत्या. वैद्यकशास्त्राने ते पहिल्यांदा संख्येत ऐकले. कुलाब्याच्या पाहणीपासून गडचिरोलीच्या या पाहणीपर्यंत साडेतीन दशके गेली. मुले किती, यावरून प्रश्न तुला काय होते, इथवर यायला तेवढा वेळ लागला.

दुसरी एक पाहणी पैशाची. अंतियांच्याच संस्थेतून रवी दुग्गल आणि सुचेता अमीन यांनी जळगाव जिल्ह्यातल्या कुटुंबांचा आजारपणावरचा खर्च मोजला. अहवाल १९८९ चा. सरकार लोकांच्या आरोग्यावर जे खर्चते त्याच्या कितीतरी पट लोक स्वतःच्या गाठीचे घालवतात, आणि तेही बहुतांशी खासगी डॉक्टरांकडे, हे त्यातून दिसले. पुढे राष्ट्रीय नमुना पाहणीने तेच देशभर दाखवले. ग्रामीण भागात रुग्णालयात दाखल होणाऱ्यांपैकी सरकारी रुग्णालयांत जाणारे १९८६-८७ साली ६० टक्के होते, १९९५-९६ साली ४४ टक्के उरले, २००४ साली ४२ टक्के. या घसरणीला उत्तर म्हणून एप्रिल २००५ मध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान आले आणि ‘आशा’ आली. ती स्त्री होती, गावातलीच होती, दर हजार वस्तीमागे एक होती. मांडवा बंद पडल्यावर वीसेक वर्षांनी त्याची कल्पना देशभर पसरली. रुग्णालयात होणाऱ्या बाळंतपणांचे प्रमाण २००५-०६ च्या कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात ३८.७ टक्के होते, ते २०१९-२१ मध्ये ८८.६ टक्के झाले. हे एकट्या आशांचे श्रेय नव्हे, पण त्यांच्यावाचून ते झाले नसते.

*

रायगड जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला, महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात सत्तरच्या दशकात डॉ. हिम्मतराव बावस्कर रुजू झाले. लाल विंचवाच्या दंशाने मुले दगावत होती. बावस्करांनी आलेल्या प्रत्येक रुग्णाजवळ बसून नोंदी ठेवल्या, हृदयावर होणारा परिणाम ओळखला, प्राझोसिन हे औषध वापरले. १९८२ आणि १९८६ साली त्यांचे निष्कर्ष ‘लॅन्सेट’मध्ये आले. नोंदवहीची ताकद किती असते याचे हे उत्तम उदाहरण. तिची मर्यादाही तिथेच दिसते. केंद्रापर्यंत पोचलेल्याला ती वाचवते. न पोचलेले किती, हे सांगत नाही.

सापाच्या बाबतीत ते कळले. भारताच्या महानिबंधकांच्या नमुना नोंदणीतल्या घरांत, जिथे मृत्यू झाला त्या प्रत्येक घरी जाऊन, माणूस कसा गेला हे विचारण्याचा मोठा उपक्रम झाला. ‘दशलक्ष मृत्यू अभ्यास’ म्हणून तो ओळखला जातो. २००१ ते २००३ मधल्या मृत्यूंवरून काढलेला निष्कर्ष २०११ साली प्रसिद्ध झाला : देशात वर्षाला सुमारे ४६ हजार माणसे सर्पदंशाने मरतात. रुग्णालयांच्या अधिकृत आकड्यांच्या तीसपटीहून ही संख्या अधिक होती. ९७ टक्के मृत्यू खेड्यांतले, आणि त्यांचा जोर जून ते सप्टेंबर या महिन्यांत. खाचरात वाकून भात लावणाऱ्या कोकणातल्या माणसाला हा हंगाम कोणी समजावून सांगायला नको. त्यानंतर बरीच वर्षे गेली. मार्च २०२४ मध्ये केंद्राने सर्पदंशाविरुद्ध राष्ट्रीय कृती आराखडा जाहीर केला आणि २०३० पर्यंत हे मृत्यू निम्म्यावर आणण्याचे उद्दिष्ट ठेवले.

या अभ्यासाची एक रीत साहित्याच्या अभ्यासकांनी मुद्दाम पाहावी. ठरीव प्रश्नांखेरीज त्या तक्त्यात सुमारे अर्धे पान कोरे असे. घरच्यांनी सांगितलेली मरणाची हकिकत तिथे स्थानिक भाषेत लिहून घ्यायची. मग दोन डॉक्टर ती स्वतंत्रपणे वाचून मृत्यूचे कारण ठरवत. ४६ हजार हा आकडा अशा अर्ध्या अर्ध्या पानांच्या कथांतून उभा राहिला आहे. महाराष्ट्रातल्या कथा मराठीत आहेत. त्या कधी छापल्या जाणार नाहीत, पण आपल्या भाषेतले सर्वांत परिणामकारक गद्य कदाचित तेच असेल.

आता प्रश्न राहतो तो घर मोजताना निसटणाऱ्यांचा. रायगडचे कातकरी दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर आणि कोळशाच्या भट्ट्यांवर जातात, ते पावसाच्या तोंडावर परततात. मधल्या काळात पाहणीकार वाडीवर आला तर त्याला कुलूप, किंवा कुलूपही नसलेले दार दिसते. भट्टीवरची झोपडी कोणत्याच यादीत नसते. कुपोषण, क्षय, लवकरची बाळंतपणे यांचा भार ज्यांच्यावर अधिक, तेच घरांच्या गणनेत सर्वांत कच्चे. खानेसुमारीला ‘खाना’ लागतो. ज्याचा खाना फिरता आहे त्याला ती ओळखत नाही.

अलीकडे मोजणेच लांबण्याची वा गाळण्याची उदाहरणे दिसतात. २०२१ ची शिरगणती ठरल्या वेळी झाली नाही; तिच्यावाचून नमुना पाहण्यांचा सांगाडाही जुना राहतो. कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रिया रक्तक्षयाच्या आढळल्या, आधीच्या फेरीपेक्षा जास्त. सहाव्या फेरीतून रक्तक्षयाची मोजणीच काढण्यात आली आणि ती वेगळ्या पाहणीकडे सोपवली गेली. बोटातून घेतलेल्या थेंबावरचे मोजमाप चुकू शकते, हे त्यामागचे शास्त्रीय कारण खोटे नाही. पण एकाच रीतीने पुन्हा पुन्हा विचारलेल्या प्रश्नाची जी साखळी होती, ती तुटली. तुलना थांबली की जाब विचारणेही थांबते.

आणि विचारणारीचे काय? महाराष्ट्रातल्या आशा २०२१ मध्ये आणि पुन्हा २०२३-२४ मध्ये संपावर गेल्या. शासनाच्या कागदावर त्या आजही ‘स्वयंसेविका’ आहेत, मोबदला कामागणिक. करोनाच्या काळात घरोघर जाऊन ताप आणि प्राणवायू मोजणाऱ्या, गावातल्या प्रत्येक गरोदर बाईची नोंद ठेवणाऱ्या या बायका आज देशाच्या आरोग्य आकडेवारीचा पाया आहेत. भोर समितीला जे आकडे हवे होते ते आता रोज त्यांच्या वह्यांत आणि मोबाइलमध्ये साठतात. त्या आकड्यांवर धोरणे ठरतात. धोरण ठरवणाऱ्या बैठकीत त्यांना खुर्ची नसते.

मांडव्याच्या प्रयोगातून देशाने शेजारीण घेतली, हे चांगलेच झाले. तिला दिलेला अधिकार मात्र घेतला नाही. तिथे नोंद करणारीच उपाय करत होती, म्हणून लोक तिला खरे सांगत होते. आज आशेच्या हाती रकाने वाढत चालले आहेत आणि उपाय तालुक्याच्या, जिल्ह्याच्या ठिकाणी सरकत आहेत. उंबरठ्यावर विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर त्याच उंबरठ्यावर मिळत नसेल, तर हळूहळू लोक ‘घरात सगळे बरे आहेत’ असे सांगू लागतील. तक्ता तेव्हाही पूर्ण भरलेला असेल. दुखणी पुन्हा अंगावर काढली जातील.